पथ्य आणि पारणें

‘पथ्य’ हा शब्द मराठी घरांत जन्मापासून अखेरपर्यंत सोबत करतो. बाळंतिणीचें पथ्य वेगळें, तापकऱ्याचें वेगळें, वृद्धांचें वेगळें. आणि वैद्याच्या पुडीपेक्षां त्यानें सांगितलेल्या पथ्यावरच घरांतील वडीलधाऱ्यांचा भरंवसा अधिक. हा भरंवसा निराधार नाहीं. परंतु पथ्य म्हटलें कीं काय सोडावें एवढाच विचार बहुधा होतो. किती दिवस सोडावें, आणि सोडलेलें पुन्हा केव्हां व कसें घ्यावें, हा पथ्याचा उत्तरार्ध विसरला जातो. पोटाच्या जुनाट तक्रारींत हें विसरणें फार महागांत पडतें.

ह्या तक्रारींचें स्वरूप बहुतेकांच्या परिचयाचें आहे. जेवणानंतर पोट फुगणें, वायु धरणें, कळ येणें, कधीं मलावरोध तर कधीं वारंवार शौचास जावें लागणें, असें महिनोनमहिने चालतें. तपासणी केली तर आतड्यांत व्रण सांपडत नाहीं, सूज सांपडत नाहीं. अशा विकाराला डॉक्टर ‘इरिटेबल बॉवेल सिंड्रोम’ किंवा थोडक्यांत आयबीएस म्हणतात. मराठींत त्याला क्षोभशील आतड्यांचा विकार म्हणतां येईल. हा विकार प्राणघातक नव्हे. पण प्रवास, कचेरी, लग्नकार्य ह्या सर्वांवर तो सावट धरून बसतो, आणि कंटाळलेला रोगी अखेर आपल्या ताटावर राग काढतो.

समजा, अशा एखाद्या गृहस्थाला वांगें बाधलें असें वाटलें आणि त्यानें वांगें सोडलें. आठवडाभर बरें गेलें. पुन्हा पोट दुखूं लागलें, तेव्हां त्यानें दूध सोडलें, मग तुरीची डाळ, मग पोळी. वर्षअखेर ताटांत मऊ भात, मेतकूट व तूप एवढेंच उरलें आणि पोटदुखी मात्र होती तशीच राहिली. ह्यांत चूक कोठें झाली? हा विकार मुळांतच चढउताराचा आहे. माणूस पदार्थ सोडतो तो त्रास शिगेला पोंचल्यावर; आणि शिगेला पोंचलेला त्रास कांहीं दिवसांनीं बहुधा आपोआप उतरतो. श्रेय मात्र शेवटीं सोडलेल्या पदार्थाला मिळतें. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गांठ पडावी तसा हा प्रकार होय. संस्कृतांत ह्यालाच काकतालीय न्याय म्हणतात.

हा भ्रम सामान्य माणसालाच होतो असें नाहीं. सीलियाक नांवाच्या रोगाचा इतिहास ह्या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे. ह्या रोगांत लहान मुलें खात असूनही खंगत जात, पोट फुगत असे व अन्न न पचतां बाहेर पडत असे. १८८८ सालीं लंडनचे डॉ. सॅम्युएल गी ह्यांनीं ह्या रोगाचें वर्णन करून, तो बरा झालाच तर आहारानेंच होईल असें मत दिलें. परंतु कोणत्या आहारानें, हें त्यांस सांगतां आलें नाहीं. १९२४ सालीं अमेरिकेंतील डॉ. सिडनी हास ह्यांनीं पाव आणि धान्यें बंद करून अशा मुलांना केळीं देण्यास प्रारंभ केला. मुलें सुधारलीं, आणि केळ्यांची कीर्ति झाली. वस्तुतः गुण केळ्यांचा नव्हता. ताटांतून जें निघून गेलें होतें त्याच्या अभावाचा होता.

हें कोडें सोडविलें हॉलंडमधील बालवैद्य विलेम डिके ह्यांनीं. हेग शहरांतील आपल्या रुग्णालयांत त्यांना गव्हाचा संशय बऱ्याच पूर्वीं आला होता. पुढें १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत, जर्मन अमलाखालीं असलेल्या हॉलंडांत भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेनासा झाला, लोकांनीं ट्यूलिप फुलांचे कंदसुद्धां शिजवून खाल्ले. देश उपाशी असतां सीलियाकचीं मुलें मात्र सुधारूं लागलीं. आणि पाव परत आला तेव्हां त्यांचा रोगही परत आला. डिके एवढ्यावर थांबले नाहींत. त्यांनीं अशा मुलांना पाळीपाळीनें गहूं देऊन व काढून, वजन आणि पचन ह्यांच्या नोंदी ठेवल्या, आणि १९५० सालीं उट्रेक्ट विद्यापीठांत आपला प्रबंध सादर केला. गव्हांतील ग्लूटेन हें चिकट प्रथिनच अपायकारक आहे हें पुढें लवकरच निश्चित झालें. पदार्थ काढल्यानें केवळ संशय येतो. शाबिती होते ती तो परत दिल्यानें.

सीलियाक रोग आज आपल्याकडेही आढळतो, आणि त्यापासून एक महत्त्वाची सूचना घेण्यासारखी आहे. हा रोग रक्ताच्या परीक्षेनें, व जरूर तर लहान आतड्याचा सूक्ष्म तुकडा काढून ओळखतां येतो. मात्र त्यासाठीं रोगी त्या काळांत गहूं खात असला पाहिजे. आधींच पोळी सोडून बसलेल्याची परीक्षा निर्दोष येऊं शकते आणि रोग झांकलेला राहतो. म्हणून गहूं सोडण्यापूर्वीं परीक्षा करावी, सोडल्यानंतर नव्हे. रोग ठरला तर मात्र पथ्य जन्मभराचें असतें व तें अत्यंत कडक असतें. बाजारांतील बांधानी हिंगांत गव्हाचें पीठ मिसळलेलें असूं शकतें. तेव्हां अशा घरांत फोडणीकडेही लक्ष ठेवावें लागतें.

आतां, सीलियाक नाहीं असें ठरलेल्या, केवळ क्षोभशील आतड्यांच्या रोग्याचें काय? त्यांच्यासाठीं ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथील मोनाश विद्यापीठांत पीटर गिब्सन व सू शेपर्ड ह्यांनीं एक आहारपद्धति मांडली आणि २००५ सालीं तिला ‘फॉडमॅप’ हें नांव मिळालें. लहान आतड्यांत नीट शोषल्या न जाणाऱ्या कांहीं शर्करांच्या इंग्रजी नांवांचीं आद्याक्षरें जुळवून हा शब्द बनला आहे. कांदा, लसूण व गहूं ह्यांत फ्रुक्टन असतें. राजमा, हरभरा इत्यादि कडधान्यांत त्याच्याच जातीच्या दुसऱ्या शर्करा असतात. हीं दोन्ही पचविणारें पाचकद्रव्य मनुष्याच्या आतड्यांत मुळींच नसतें. दुधांतील दुग्धशर्करा बालपणीं सर्वांना पचते. पण पुढें तिचें पाचकद्रव्य जगांतील बहुसंख्य माणसांत कमी होत जातें. मध, सफरचंद, आंबा ह्यांत फलशर्करा अधिक असते. आणि साखरेवांचून गोड केलेल्या कांहीं गोळ्यांत सॉर्बिटॉल असतें.

ह्या न शोषलेल्या शर्करा आतड्यांत पाणी ओढून घेतात. मोठ्या आतड्यांत पोंचल्यावर तेथील जीवाणु त्यांना आंबवितात. त्यांतून वायु उत्पन्न होतो व आतडें ताणलें जातें. हें सर्वांच्याच पोटांत घडतें. निरोगी माणसाला त्याची दादही नसते. परंतु ज्याच्या आतड्यांचे ज्ञानतंतु अतिसंवेदनशील झाले आहेत, त्याला तेवढाच ताण कळेसारखा जाणवतो. ह्यावरून हे पदार्थ विष नव्हेत, हें ध्यानांत येईल. प्रश्न असतो तो मात्रेचा आणि पोटाच्या सहनशीलतेचा.

ह्या पद्धतीची परीक्षा काळजीपूर्वक झाली आहे. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत आयबीएसच्या ३० रोग्यांना २१ दिवस फॉडमॅप कमी असलेलें अन्न व २१ दिवस नेहमींचें ऑस्ट्रेलियन अन्न देण्यांत आलें. पहिल्या आहारावर त्रासाचें मोजमाप जवळजवळ निम्म्यावर आलें. २०१३ सालचा दुसरा प्रयोग ह्याहूनही विचार करण्याजोगा आहे. सीलियाक नसूनही ‘ग्लूटेन आम्हांला बाधतें’ असें सांगणाऱ्या ३७ जणांना प्रथम फॉडमॅप कमी असलेल्या आहारावर ठेवलें. सर्वांना बरें वाटलें. मग कोणत्या आठवड्यांत ग्लूटेन आहे व कोणत्या आठवड्यांत नाहीं हें न सांगतां त्यांना जेवण दिलें. त्रास वाढला तो सर्वच आठवड्यांत, ग्लूटेन नसलेल्या आठवड्यांतसुद्धां. बाधेल ह्या भीतीनेंही पोट बिघडतें, हें त्यावरून दिसतें. भीति खोटी असते, पण तिनें होणारी पोटदुखी खोटी नसते.

मग हें पथ्य करावें कसें? प्रथम साधे उपाय करून पाहावे: जेवणाच्या वेळा नियमित ठेवणें, सावकाश चावून खाणें, चहा-कॉफी दिवसाला ३ पेल्यांच्या आंत ठेवणें, तळकट व मसालेदार कमी करणें. एवढ्यानें भागलें नाहीं, तरच आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीं २ ते ६ आठवडे वरील पदार्थ वर्ज्य करावे. आपल्या स्वयंपाकांत हें वाटतें तितकें अवघड नाहीं. तांदूळ, नाचणी, ज्वारी, बटाटा, गाजर, शेंगदाणे, अंडीं, मासे, तूप हे पदार्थ चालतात. दुधापेक्षां दहीं-ताक सोसतें, कारण विरजणांतील जीवाणु दुग्धशर्करेचा कांहीं भाग संपवून टाकतात. लसणाचा स्वाद हवा असल्यास अख्ख्या पाकळ्या तेलांत परतून काढून टाकाव्या. फ्रुक्टन तेलांत उतरत नाहीं. पाण्यांत मात्र तें उतरतें. म्हणून आमटींत लसूण उकळून मग वेंचून काढल्यास उपयोग होत नाहीं.

ह्या मुदतींत उतार पडला नाहीं, तर हें पथ्य आपल्यासाठीं नाहीं असें समजून नेहमींच्या जेवणावर परत यावें. उतार पडला तर खरें काम तेथून पुढें सुरू होतें. बीजगणितांत एका समीकरणांतून एकच अव्यक्त राशि काढतां येते; तोच नियम येथें पाळावा. बाकीचें पथ्य तसेंच ठेवून एका वेळीं एकच पदार्थ घ्यावा: पहिल्या दिवशीं थोडा, दुसऱ्या दिवशीं त्याहून अधिक, तिसऱ्या दिवशीं नेहमींइतका. काय खाल्लें व काय झालें हें वहींत लिहावें. दोन-तीन दिवस पोटाला विसांवा देऊन मग दुसरा पदार्थ घ्यावा. असें केल्यानें दोन-एक महिन्यांत प्रत्येकाला आपल्या पोटाचा कायदा कळतो. कोणाला दूध निर्वेध चालतें पण कांदा बाधतो. कोणाला अर्धी वाटी उसळ सोसते, वाटीभर सोसत नाहीं. जें बाधत नाहीं तें ताटांत परत आलेंच पाहिजे.

हा ‘परत आलेंच पाहिजे’चा आग्रह उगाच नाहीं. ज्या शर्करांनीं वायु होतो, त्यांवरच आतड्यांतील कांहीं उपकारक जीवाणु पोसले जातात. कडक पथ्यानें त्यांची संख्या घटते असें प्रयोगांत दिसलें आहे. दूध गेलें कीं कॅल्शियम कमी पडतें, आणि शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाचाही मुख्य आधार जातो. डाळी गेल्या कीं प्रथिनें जातात. वाढत्या मुलांना, गरोदर स्त्रियांना व आधींच कृश असलेल्या वृद्धांना असलें पथ्य घरच्या घरीं मुळींच लावूं नये.

तसेंच कांहीं लक्षणें पथ्याची नव्हेत, डॉक्टराची वाट दाखवितात: शौचावाटे रक्त जाणें, प्रयत्नावांचून वजन घटणें, रक्तक्षय, ताप, पोटाच्या त्रासानें रात्रीं झोंपेंतून जाग येणें, अथवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली तक्रार. अशा वेळीं ‘वायु झाला असेल’ म्हणून ओवा चावीत व एकेक पदार्थ सोडीत दिवस काढणें म्हणजे आतड्याच्या कर्करोगासारख्या दुखण्याला मुदत देणें होय.

आपल्या पूर्वजांनीं चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य केलें, पण त्यालाही आरंभ व शेवट नेमून दिला. आषाढांत कांदेनवमीला पोटभर कांदा खाऊन व्रत धरावयाचें आणि कार्तिकांत तें सोडावयाचें. एकादशीचा उपास कितीही कडकडीत असो, द्वादशीला पारणें ठरलेलें असतें. पारण्यावांचून उपास पुरा झाला असें कोणी मानीत नाहीं. पोटासाठीं धरलेल्या पथ्यालाही हाच नियम लावावा. जन्मभराचें पथ्य डॉक्टरांनीं तपासून सांगितलें असेल तर तें निष्ठेनें पाळावें. बाकी कोणतेंही पथ्य धरतांना, तें सोडण्याचा दिवस त्याच वेळीं दिनदर्शिकेंत मांडून ठेवावा.