ॲब्सो-ब्लूमिंग-लूटली!

शीर्षक म्हणजे छपाईची चूक नव्हे. 'ॲब्सोलूटली' या सभ्य शब्दाच्या पोटात 'ब्लूमिंग' घुसवून केलेला हा शब्द १९५६ सालच्या 'माय फेअर लेडी' या संगीतिकेत फुलं विकणारी एलायझा गाण्यात म्हणते. संगीतिकेचं मूळ शॉचं 'पिग्मॅलियन', ज्यावरून पु. लं.नी 'ती फुलराणी' लिहिलं. १९१४ साली लंडनच्या रंगभूमीवर एलायझाच्या तोंडच्या 'ब्लडी'ने खळबळ उडवली होती. 'ब्लूमिंग' हा त्याचाच सोज्वळ भाऊ!

आता गंमत बघा. ॲब्-सो-लूट्-ली, सिलॅबल चार, म्हणजे मधल्या फटी तीन. पण 'ॲब्-ब्लूमिंग-सोलूटली' कुणी म्हणत नाही. का? कारण जोर 'लूट्'वर आहे. ढोबळ नियम असा की पाहुण्याने जोराच्या सिलॅबलच्या अगदी आधी घुसायचं. फॅन्टॅस्टिकमध्ये जोर 'टॅस्'वर, म्हणून फॅन-ब्लूमिंग-टॅस्टिक. कँगरूमध्ये शेवटी, म्हणून कँग-ब्लूमिंग-रू. भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी (कॉम्प्युटरवाल्यांनो, लिस्पवाले ते वेगळे!) यांनी १९८२ साली यावर चक्क शोधनिबंध लिहिला.

आपण मराठीत शब्द फोडत नाही, मागे शेपूट लावतो: चहाबिहा, पुस्तकबिस्तक, प्रोजेक्ट-बिजेक्ट. हा नियमही कुणी शिकवलेला नाही, तरी चुकतो का कुणी?

फरक इतकाच, की मराठीत जोर बदलून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. इंग्रजीत बदलतो. 'रेकॉर्ड'मध्ये जोर पहिल्या सिलॅबलवर दिला तर नोंद, दुसऱ्यावर दिला तर नोंदवणे.

आणि इथेच आमच्या होस्टेलचा मुद्दा येतो. जीडीच्या तयारीत एखादा मराठी मीडियमवाला बोलायला लागला की मागून 'व्हर्नी' म्हणून खसखस पिकते. मी कॉन्व्हेंटमधला. शाळेत स्पेलिंगसाठी ओरडा मिळाला, मराठी बोललो म्हणून दंड झाला, पण जोर कुठे द्यायचा याचा एकही तास झाला नाही. तेव्हा या बाबतीत हसणारा आणि ज्याला हसतात तो, दोघे एकाच बाकावर! उपाय लायब्ररीतच आहे. डिक्शनरीत उच्चारामध्ये वरच्या बाजूला बारीक उभी रेघ असते, तिच्या पुढच्या सिलॅबलवर जोर. इंटरव्ह्यूआधी रोज दहा शब्द दोघांनी मिळून मोठ्याने वाचा.

जाता जाता गृहपाठ: 'युनिव्हर्सिटी'त ब्लूमिंग कुठे बसेल? उत्तर: युनि-ब्लूमिंग-व्हर्सिटी. रिझल्टच्या दिवशी उपयोगी पडेल!