मत्स्यतळ्यासाठी अळ्यांचे खाद्य

शेततळ्यात कटला, रोहू व मृगळ वाढविणाऱ्या शेतकऱ्याचा बहुतेक निम्मा खर्च खाद्यावर होतो. भाताचा कोंडा गावात मिळतो, परंतु शेंगदाण्याची पेंड विकत आणावी लागते. आणि माशांच्या वाढीस लागणारी प्रथिने मुख्यतः पेंडीतूनच मिळतात. सुक्या मासळीची भुकटी उत्तम खरी. पण तारलीसारखी मासळी, जी गरिबाच्या ताटात जावयाची, ती दळून दुसरे मासे पोसणे आम्हांस फारसे शहाणपणाचे वाटत नाही.

माशांना किडे चारणे ही नवी गोष्ट नव्हे. चीनमध्ये पर्ल नदीच्या मुखाकडील प्रदेशात तळ्याच्या बांधावर तुती लावून रेशीमकिड्यांची विष्ठा व कोषांतील किडे तळ्यात टाकण्याची जुनी रीत होती. युरोपीय संघाने 2017 साली सात जातींच्या कीटकांची प्रथिने मत्स्यखाद्यात वापरण्यास परवानगी दिली. त्यांतील ‘ब्लॅक सोल्जर’ नावाची काळी माशी आपल्या हवेत सहज वाढते.

ही घरातली माशी नव्हे. ती लांबट, गांधिलमाशीसारखी दिसते. पण तिला नांगी नाही आणि ती अन्नावर घोंघावत नाही. मादी ओल्या कचऱ्याजवळील कोरड्या फटीत सुमारे 500 अंडी घालते. ती चार दिवसांत फुटतात आणि अळ्या दोन-तीन आठवड्यांत पूर्ण वाढतात. वाळलेल्या अळीत सुमारे 40 टक्के प्रथिने असतात.

पसरट टोपलीत भाजीपाल्याचा व फळांचा कचरा भरावा. अंड्यांसाठी वर नालीदार पुठ्ठ्याचे तुकडे ठेवावेत. कचरा ओलसर असावा, पण त्यातून पाणी गळू नये. प्रस्तुत लेखकाने पहिल्या खेपेस कलिंगडाच्या साली भरल्या. चिखल झाला आणि एका रात्रीत अळ्या टोपलीबाहेर पडून शेजाऱ्यांच्या ओसरीपर्यंत पोहोचल्या! तेव्हापासून तळाशी भुसा घालण्याचा नेम आहे. कीटकनाशक फवारलेला पाला किंवा कारखान्याची घाण मात्र कदापि घालू नये. कॅडमियमसारखे विषारी धातू अळीच्या अंगात साठतात.

आता हिशेब पाहू, कारण उत्साहाच्या भरात तोच राहून जातो. 10 किलो ओल्या कचऱ्यापासून सुमारे अर्धा किलो वाळलेल्या अळ्या मिळतात. तळ्यात 500 किलो मासे असतील, तर वजनाच्या 2 टक्के दराने रोज 10 किलो खाद्य लागते. त्यात निम्मी, म्हणजे 5 किलो पेंड. तिचा चौथा हिस्सा, म्हणजे सव्वा किलो, अळ्यांनी भागवावयाचा तर रोज 25 किलो कचरा हवा. एका घराच्या उष्ट्या-खरकट्याने हे साधणार नाही. आठवडी बाजार, आश्रमशाळा किंवा भाजीची वखार जवळ असेल आणि कचरा नियमित मिळणार असेल, तरच या कामात पडावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी सल्ला देण्यापूर्वी ही चौकशी अवश्य करावी.

अळ्या काळ्या पडण्यापूर्वी चाळून घ्याव्यात, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून कडक उन्हात वाळवाव्यात व कुटाव्यात. त्यांत चरबी पुष्कळ असल्याने भुकटी लवकर खवट होते. एका आठवड्यास पुरेल एवढीच करावी. ती कोंडा-पेंडीत मिसळून, भोके पाडलेल्या पोत्यात भरून, बांबूला बांधून तळ्यात सोडावी. सायंकाळी पोते वर काढून पाहावे. खाद्य उरले असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी घालावे. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसले, तर त्या दिवशी खाद्य मुळीच घालू नये.