वेळ अमावस्या : लोहाऱ्याच्या शिवारातील मित्रमेळा

मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे बहुधा डिसेंबर किंवा जानेवारीत, लोहारा परिसरासह धाराशिव व लातूर जिल्ह्यांत आणि लगतच्या सोलापूर व कर्नाटक सीमाभागात साजरा होणारा हा सण बोलीत ‘येळवस’ म्हणून ओळखला जातो. रब्बीची ज्वारी, हरभरा व करडई शेतात उभी असताना तो येत असल्याने काळ्या आईविषयीची कृतज्ञता हाच त्याचा गाभा ठरतो. कडब्याच्या पेंढ्यांनी उभारलेल्या कोपीत, अर्थात शेतातील तात्पुरत्या खोपटात, पाच दगड पांडव म्हणून मांडून लक्ष्मीसह त्यांची पूजा होते; मग हरभरा, तूर, वाल यांच्या ओल्या दाण्यांची व हिरव्या भाज्यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि ज्वारीचे पीठ ताकात आंबवून केलेले आंबील यांचा नैवेद्य दाखवून शिवारात आंबील शिंपडले जाते.

यजमानपण मात्र घरापुरते राहत नाही. ज्यांना शेती नाही असे मित्र, शेजारी व सहकारी आग्रहाने बोलावले जातात, आणि निमंत्रण नसलेला वाटसरूही जेवल्याविना जात नाही, हे या सणाचे सर्वांत मोलाचे अंग म्हटले पाहिजे. नोकरीसाठी पुण्या-मुंबईकडे गेलेले अनेकजण याच दिवशी गावी परततात, आणि पंगतीनंतर झाडाखाली पीकपाण्याची, सरल्या वर्षाची बोलणी दिवेलागणीपर्यंत चालतात.