पाण्याने थंड होणारा संगणक आणि त्याची पारदर्शक पेटी

संगणकाला पुरविलेली जवळजवळ सर्व विद्युत् ऊर्जा अखेर उष्णतेत रूपांतरित होते. ही उष्णता वेळीच बाहेर नेली नाही, तर प्रोसेसरचा वेग मंदावतो किंवा यंत्रच बंद पडते. सामान्यतः हे काम पंखा करतो. परंतु तापमान सारखेच वाढवावयाचे असेल, तर तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाणी सुमारे ३,५०० पट अधिक उष्णता सामावून घेते. म्हणूनच मोठ्या संगणकांत द्रवाचा उपयोग फार पूर्वी सुरू झाला. १९८५ साली आलेल्या क्रे-२ या महासंगणकाची विद्युत् मंडले तर एका विद्युत् रोधक द्रवात बुडविलेली असत. घरगुती संगणकाची पेटी स्वतः बांधणारे हौशी कारागीरही याच तत्त्वाचा अवलंब करतात.

त्याची रचना अशी असते : प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा घट्ट बसवितात. पंपाच्या साहाय्याने त्यातून पाणी खेळविले जाते. तापलेले पाणी रेडिएटरमध्ये जाते, तेथे पंखे त्यातील उष्णता हवेत सोडतात आणि निवलेले पाणी परत फिरते. या मार्गात तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र येऊ देत नाहीत. अन्यथा ॲल्युमिनियम झिजू लागते.

पेटीसाठी ॲक्रिलिक निवडण्याचे कारण त्याची पारदर्शकता. ते सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जाऊ देते आणि त्याचे वजन तेवढ्याच काचेच्या निम्म्याहून कमी असते. मात्र ते उष्णतेचे मंदवाहक आहे. म्हणून रेडिएटरसमोर हवेसाठी पुरेशी वाट ठेवावीच लागते.

ॲक्रिलिकचे तक्ते गोंदाने चिकटवीत नाहीत. कडा सपाट घासून एकमेकींना भिडवितात आणि त्यांच्या फटीत द्रावक सोडतात. केशाकर्षणाने तो आत पसरतो, दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवितो व उडून गेल्यावर तक्ते एकजीव होतात. द्रावकाची वाफ अपायकारक असल्याने हे काम मोकळ्या हवेत करावे लागते. सांध्यात बुडबुडे राहिले, तर तेथूनच पुढे पाणी झिरपण्याचा संभव असतो.

दुसरा धोका सहज दिसत नाही. कापताना व भोके पाडताना ॲक्रिलिकमध्ये ताण साठून राहतो. अशा जागी अल्कोहोल लागले, की केसासारख्या बारीक भेगा पडतात. म्हणून पेटी पुसण्यासाठी सौम्य साबणाचे पाणीच वापरतात. तक्ता सुमारे ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून सावकाश निवू दिल्यास हा ताण पुष्कळसा नाहीसा होतो.

शुद्ध पाणी विजेचे दुर्वाहक असते हे खरे. पण धातूंच्या सहवासात ते फार काळ शुद्ध राहत नाही. मुख्य मंडलावर पडलेला एखादा थेंबही महागडे भाग निकामी करू शकतो. यास्तव अनुभवी कारागीर प्रथम केवळ पंपास वीज देतात, प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद ठेवतात आणि पाणी चोवीस तास फिरू देतात. सर्व कागद कोरडे राहिले, तरच उरलेल्या भागांची वीजजोडणी केली जाते.