शीतकपाटांतील ज्वालाग्राही वायु

शीतकपाटांत अन्न ताजें राहतें, तें त्याच्या नळ्यांतून अखंड फिरणाऱ्या एका पदार्थामुळें. द्रवाची वाफ होतांना तो आंतील उष्णता शोषून घेतो व मागील नळ्यांत पुनः द्रवरूप होतांना ती बाहेर टाकतो. हा पदार्थ कोणता असावा, या प्रश्नाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

प्रारंभीं अमोनिया, सल्फर डायॉक्साइड, मिथिल क्लोराइड यांसारखे वायु वापरीत. ते विषारी, नळी फुटली कीं प्राणावर बेते. १९३० सालीं अमेरिकन रसायनज्ञ टॉमस मिजली यांनीं फ्रिऑन वायु छातींत भरून घेतला व त्याच्या फुंकरीनें मेणबत्ती विझविली. तो विषारी नाहीं व पेटतहि नाहीं, हें सर्वांस पटलें. परंतु १९७४ सालीं मोलिना व रोलंड यांनीं दाखविलें कीं, हाच वायु उंच वातावरणांत जाऊन ओझोनचें कवच झिजवितो. १९८७ च्या माँट्रियल करारानें त्यास आळा बसला.

पुढें १९९३ सालीं जर्मनींत आयसोब्युटेनवर चालणारीं शीतकपाटें विक्रीस आलीं. हा वायु ओझोनला अपाय करीत नाहीं. पण स्वयंपाकाच्या गॅसचाच हा भाऊबंद, म्हणून ज्वालाग्राही. मग तो घरांत ठेवावा कसा?

आंतरराष्ट्रीय नियमानें घरगुती शीतकपाटांत त्याची मर्यादा १५० ग्रॅम ठरविली आहे. घनमीटरभर हवेंत सुमारें ४० ग्रॅम वायु मिसळल्यावांचून तें मिश्रण पेटत नाहीं. दहा घनमीटरांच्या चिमुकल्या खोलींत १५० ग्रॅम वायु सारखा पसरला, तर घनमीटरास १५ ग्रॅमच येतो. मात्र ‘सारखा पसरला, तर’ हे शब्द ध्यानांत ठेवावे. हा वायु हवेच्या दुप्पट जड असल्यानें जमिनीलगत सांचतो. म्हणूनच दुसरा नियम असा कीं, गळलेला वायु जेथें सांचूं शकेल, तेथें ठिणगी पाडणारें बटण उघडें नसावें.

तथापि कारखान्यांतील नियम दुरुस्तीच्या वेळीं आपोआप पाळले जात नाहींत. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम दुर्गंध दिलेला असतो. या वायूस तसा इशारा देणारा वास नसतो. यास्तव पिवळ्या त्रिकोणांतील ज्वालेची खूण पाहिल्यावर कारागिरानें खिडक्या उघडाव्या, आंतील वायु पूर्णपणें काढून टाकावा आणि मगच नळीस ज्योत लावावी. जें यंत्र या वायूसाठीं घडविलेलें नाहीं, त्यांत तो कदापि भरूं नये.

तात्पर्य, सर्वस्वीं निर्दोष वायु अद्याप सांपडलेला नाहीं. आपली सुरक्षितता मापांत व सावधगिरींतच आहे.