गुरुजींचा धनी कोण?

वेण्णेकाठच्या मेढ्यात अनुदानित शाळेच्या शिक्षकाने आपला धनी कोण असे विचारले, तर त्यास दोन उत्तरे मिळतील. नेमणुकीचा आदेश संस्थेचा. पगार सरकारी तिजोरीतून. वेतन एकाने द्यावे आणि हुकूमत दुसऱ्याने गाजवावी, असा हा विलक्षण व्यवहार होय. ज्याला वेतनाची झळ लागत नाही, त्याला माणूस काढून टाकतानाही फारशी तोशीस पडत नाही.

१९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती अधिनियमाने या हुकूमतीला वेसण घातली. १९८१ च्या नियमांनुसार शिक्षकाच्या चौकशी समितीवर तिघे असतात: एक संस्थेचा, एक शिक्षकाने सुचविलेला आणि एक पुरस्कारप्राप्त शिक्षकांपैकी. बडतर्फीविरुद्ध ३० दिवसांत न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. योजना न्याय्य खरीच. पण आपल्या चालकांची नाराजी ओढवून घेऊन शेजारच्या शाळेतील कोणता शिक्षक त्या दुसऱ्या खुर्चीवर बसेल? शिवाय ही कलमे जागी होतात ती घाव बसल्यावर. उद्या एखाद्या पालकाने वर्गात शिरून दमदाटी केली, तर संस्थेने काय करावे, हे त्यांत शोधून सापडत नाही.

शिक्षणसेवकाची अवस्था याहून नाजूक. २००० सालच्या या योजनेत तीन वर्षे मानधनावर काढावयाची. माध्यमिक शाळेत ते २०२३ मध्ये १८,००० रुपये झाले. काम समाधानकारक नाही, एवढा शेरा त्याला घरी पाठविण्यास पुरतो. मग चालकांच्या घरच्या लग्नात पंगत वाढावयास बोलावले, तरी तो निमूटपणे जातो.