सहाव्या वारसाची वाट

पहाटे ५.३०

खिडकीबाहेरचा पारा उणे १८. चहाचं आधण ठेवते आणि काल संध्याकाळी आलेला हिमस्खलनाचा अंदाज पुन्हा एकदा वाचते. पाचपैकी तिसरी पातळी. सान हुआन डोंगरांत हंगामाच्या सुरुवातीला पडलेलं पातळ बर्फ थंडीने साखरेसारखं रवाळ होतं आणि पुढचं सगळं जड बर्फ त्याच्यावर बसतं. वरून घट्ट, खाली मोकळं. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथून जवळच, ओफिर खिंडीच्या परिसरात, एकाच लोंढ्यात तिघं गेले.

लोकांना डोंगरावर नेणं हे माझं काम नाही. डोंगराच्या पायथ्यापर्यंत यंत्र, म्हणजे स्नोमोबाइल, न्यायची परवानगी मिळवणं, हे माझं काम. तरीही अंदाज वाचल्याशिवाय मी कोणाच्या दारात उभी राहत नाही.

सकाळी ६.३०

सिल्व्हर्टनला साडेसहा म्हणजे जुन्नरला संध्याकाळचे सात. अण्णांचा फोन. ते तलाठी म्हणून निवृत्त झाले. कोलोराडोतल्या एका छोट्या स्की संघटनेत मी नेमकं काय करते, हे घरात फक्त त्यांनाच कळलंय.

“उताऱ्यावर नावं किती?”

“सहा.”

“वारस लागलेत सगळे?”

“पाच सापडले, त्यांच्याशी बोलणं चालू आहे. सहावी पुतणी आहे, ती न्यू मेक्सिकोत. तिचा पत्ता मिळालाय, पण अजून बोलले नाही.”

“अगं, मग तिला आधी विचारायचं होतंस. पाचांनी ठरवून झाल्यावर सहाव्याला विचारलं की त्याला वाटतं, आपल्याला शेवटी मोजलं.”

मी वहीत लिहून घेते.

सकाळी ९.००

काउंटीच्या कचेरीत, सोनेरी घुमटाच्या इमारतीत. अख्ख्या काउंटीची वस्ती जेमतेम ७०० आणि कागद मात्र १५० वर्षांचे. १८७२ च्या खाणकायद्याने सरकारी जमिनीवर चांदी-सोन्याची शीर सापडवणाऱ्याला जास्तीत जास्त १५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद असा पट्टा, म्हणजे वीस एकरांहून थोडी जास्त जमीन, एकरी पाच डॉलर भरून कायमची नावावर करून घेता येत असे. शीर जिकडे वळली तिकडे पट्टा वळला. म्हणून नकाशावर हे पट्टे जमिनीवर सांडलेल्या पत्त्यांसारखे आडवे-तिडवे, एकमेकांवर चढलेले दिसतात. मध्ये वनखात्याची जमीन, मग खाजगी, पुन्हा सरकारी. बर्फाखाली ना बांध दिसतो ना खूण.

सरकारी जमिनीवर स्नोमोबाइल कुठे चालवायची ते खात्याच्या नकाशावर छापलेलं असतं. खाजगी पट्ट्यावर मात्र मालकाचा शब्द लागतो, आणि कोलोराडोत तो पायी जाणाऱ्यालाही लागतो. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने उजाड रानात कोणीही पायी किंवा स्कीवरून जाऊ शकतो. तिथेही यंत्राला ती मोकळीक नाही. यंत्राबद्दल वेगळं विचारायचं, हे मला रास्त वाटतं. स्कीला खाली कातड्यासारखी पट्टी लावून चढत येणारी चार माणसं आणि तीच चार माणसं इंजिनावर बसून आलेली, यांत जमिनीला आणि शेजाऱ्याला फरक पडतो.

आज मला एकच गोष्ट पाहायची आहे. या सहा वारसांच्या पट्ट्यावरून खाणीकडे जाणारा जुना रस्ता तो पट्टा खाजगी होण्याआधी वहिवाटीत होता का? तसं असेल, तर १८६६ च्या कायद्याच्या आधाराने तो सार्वजनिक ठरू शकतो. दोन तास कागद उलटते. पट्टा आधीचा, रस्ता नंतरचा. म्हणजे विचारायलाच हवं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटतं. हक्क सांगत दारात जाण्यापेक्षा विचारायला जाणं मला कधीही पसंत आहे.

सकाळी ११.३०

थोरल्या वारसदार बाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांच्या नवऱ्याच्या आजोबांनी ती खाण खणली. मी बूट दारात काढते, त्या कॉफी ओततात.

“अंदाज वाचलात?”

“वाचला. तिसरी पातळी.”

“मग आज कोणी वर जाणार आहे?”

“तुमच्या जमिनीवरून कोणीही नाही.”

त्या मान हलवतात. गेल्या वर्षी कोणीतरी वाटेवरची साखळी ओलांडून स्नोमोबाइल नेली होती. जिथे खाणीचा जुना उभा शाफ्ट आहे, तिथून वीस पावलांवर चाकोरी उमटलेली त्यांच्या मुलाने पाहिली. “त्या रात्री मी झोपले नाही,” त्या म्हणतात. “तो पोरगा खाली गेला असता, तर त्याच्या आईला मी काय सांगितलं असतं?”

या भीतीला उत्तर म्हणून आधी कागद पुढे करणं मला बरं वाटत नाही. बराच वेळ शाफ्टबद्दलच बोलतो. किती खोल, वरची लाकडं कधी कुजली, बर्फ किती फूट चढतं. मग त्या स्वतःच विचारतात, “आणि खटला झाला तर?”

हा प्रश्न इथे घरोघरी आहे. २००८ मध्ये एअर फोर्स अकॅडमीच्या आवारात वाटेतल्या खड्ड्यात एक सायकलस्वार पडला. त्याला सुमारे ७० लाख डॉलरची भरपाई मिळाली आणि २०१९ मध्ये अपिलातही ती टिकली. त्यानंतर उंच शिखरांवर जाणाऱ्या काही वाटा मालकांनी बंद केल्या. २०२४ मध्ये राज्याने कायदा सुधारला. प्रवेशाच्या जागी धोक्याची सूचना देणारा फलक लावायचा, फलकाचा फोटो जपून ठेवायचा, वाट आखून द्यायची; मग मालकाला बरंच संरक्षण मिळतं. मात्र मालकाने पैसे घेता कामा नयेत. म्हणून आम्ही एक डॉलरही देऊ करत नाही. त्यामागचं कारण मी त्यांना दोनदा समजावून सांगते, कारण फुकट मागणं कोणाला अपमानही वाटू शकतो.

“यंत्रच का? आम्ही तर चालत जायचो.”

“काउंटीचा रस्ता जिथे बंद होतो तिथून उतार सात मैलांवर आहे. चढून पोचेपर्यंत दुपार होते, आणि वसंतात दुपारचं ऊन लागलेलं बर्फ सुटायला लागतं. शिवाय कोणाचा पाय मोडला, तर त्याला अंधाराआधी खाली आणता येतं. लोंढ्यात गाडल्या गेलेल्या माणसाला यंत्राचा उपयोग नाही. त्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बरोबरच्यांनीच काढावं लागतं.”

शेवटची दोन वाक्यं आमच्या बाजूची नव्हती. पण बाईंनी तीच ऐकली असावीत. त्या कागद ओढून घेतात आणि पेन्सिलीने लिहायला लागतात. एका वेळी सहा यंत्रं. एकच चाकोरी. कामगारांच्या पडक्या खानावळीच्या पुढे फक्त स्की. रविवारी नाही.

“रविवारी का नाही?”

“रविवारी मी खिडकीत बसते. आवाज इथपर्यंत येतो.”

जमिनीबरोबर मी त्यांची शांतताही मागत होते, हे मला तोवर सुचलं नव्हतं. रविवार खोडावा असं मी म्हणत नाही.

दुपारी २.३०

त्यांच्या मुलाबरोबर वर. बांबूच्या काठ्या रोवतो, नारिंगी फीत बांधतो. शाफ्टपासून १०० फूट सोडून.

संध्याकाळी ५.३०

संघटनेच्या शेडमध्ये आठ जण यंत्रांना तेलपाणी करताहेत. बाईंनी अटी लिहून दिल्याची बातमी माझ्याआधी पोचली आहे. “पाच जण तयार आहेत ना? मग शनिवारी निघू. सहावी राहते न्यू मेक्सिकोत, तिला कुठे कळतंय?” असं म्हणणारा पोरगा मनाने वाईट नाही. त्याला बर्फ दिसतंय.

मी नाही म्हणते. शनिवारी साखळी लागलेलीच राहील. ज्यांना जायचंय त्यांनी बंद रस्त्यापासून चढत, सरकारी जमिनीवरच्या जवळच्या उतारावर जावं. तो तोंड फिरवतो, मग थोड्या वेळाने विचारतो, “फलक मी रंगवू?” मी त्याला शाफ्टचा नकाशा देते.

रात्री ८.४५

अण्णांकडे सकाळचे सव्वानऊ. मी फोन करत नाही, आधी पत्र लिहायला घेते. हाताने. कागदाच्या वर पाच नावं लिहू नयेत, एवढं मला कळतं. म्हणून सुरुवात करते ती तिच्या पणजोबांच्या खाणीपासून. खानावळीचं छप्पर अजून उभं आहे, आज त्याच्यावर चार फूट बर्फ होतं, आणि तुम्ही ते कधी पाहिलं आहे का?